माशाच्या ताटात काय वाढायचं?

(खाडीकाठच्या गटांच्या एकत्र सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज बचत, हप्ता, थकबाकी यांतलं काही बोलणार नाही. आज खाद्यावर बोलायचं आहे. पिंजऱ्यातल्या माशाच्या खाद्यावर.

कारण सांगते. गेल्या दोन सभांत जिताड्याचे पिंजरे लावण्यासाठी कर्जाचे प्रस्ताव आले. प्रस्ताव चांगले होते. पिंजऱ्याचा सांगाडा, जाळं, ड्रम, नांगर, बीज, होडीचं भाडं, सगळं ओळीने लिहिलेलं. आणि खाद्याच्या पुढे काय? "बंदरावरची बारीक मासळी, अंदाजे." बस्स. मैत्रिणींनो, मत्स्यपालनात अर्ध्याहून जास्त खर्च खाद्यावरच होतो. म्हणजे आपण अर्ध्या खर्चाच्या पुढे 'अंदाजे' लिहून कर्ज मागतोय. पिंजऱ्याला अनुदान मिळतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना ६० टक्क्यांपर्यंत आहे, कांदळवन कक्षाच्या योजनेतूनही गटांना मदत झाली आहे. पण दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी मासा जे खाणार ते आपल्याच खिशातून जाणार.

आधी जिताडा समजून घेऊ. देशात पाळलेल्या माशांपासून जिताड्याचं बीज पहिल्यांदा तयार झालं ते १९९७ साली, चेन्नईच्या सिबा या केंद्रीय संस्थेत. समुद्रातल्या पिंजऱ्यांची सुरुवात सीएमएफआरआयने २००७ साली विशाखापट्टणमला केली, तीही जिताड्यावरच. मासा काटक आहे. खारं पाणी चालतं, निमखारं चालतं, पावसात खाडी गोडी झाली तरी तगतो. म्हणून आपल्या खाडीला तो बरा. पण तो शिकारी आहे. लहान असताना तर भाऊ भावाला गिळतो, म्हणूनच आकाराप्रमाणे वेगळे करत राहावं लागतं. अशा माशाच्या खाद्यात १०० किलोला ४० ते ४५ किलो प्रथिनं लागतात. तांदळाचा कोंडा टाकून तो वाढत नाही.

म्हणून आपण काय करतो? पेडवे, तारली, जाळ्यात आलेली बारीकसारीक मासळी चिरून टाकतो. मासा आवडीने खातो, आपल्यालाही बरं वाटतं. आता हिशेब बघा. वहीत लिहून घ्या, मी सावकाश सांगते.

कच्ची मासळी घातली तर जिताड्याचं एक किलो वजन वाढायला साधारण सहा किलो मासळी जाते. कुठे पाच, कुठे सात, आपण सहा धरू. १०० किलो जिताडा तयार करायचा म्हणजे ६०० किलो मासळी. कारखान्यातलं चांगलं गोळी खाद्य घातलं तर तेवढ्याच वाढीला साधारण १८० किलो पुरतं. आता दर. हे मी हिशेबासाठी धरतेय, तुमच्या बंदरावरचा दर तुम्ही घाला. मासळी २५ रुपये किलो धरली तर १५,००० रुपये. गोळी ११० रुपये किलो धरली तर १९,८००. म्हणजे मासळी स्वस्त, नाही का? पण तीच मासळी ३३ रुपये झाली की दोन्ही हिशेब बरोबरीत येतात, आणि ३४ झाली की गोळी स्वस्त. आता मला सांगा, आपल्या बंदरावर बारीक मासळीचा दर वर्षभर एकच असतो का?

सहा किलो कुठे आणि पावणेदोन किलो कुठे, असं वाटतं खरं. त्यात जादू काही नाही. ताज्या मासळीत १०० भागांत ७० ते ७५ भाग पाणी असतं. सहा किलो पेडव्यांत साडेचार किलो पाणी, उरला दीड किलो सुका माल. गोळीत पाणी जेमतेम १० टक्के. सुका माल काढलात तर दोन्हीकडे जवळजवळ तेवढाच. आपण होडीतून पाणी वाहून नेतो आणि पाण्यातच टाकतो, एवढंच.

दराशिवाय आणखी दोन गोष्टी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या. त्या ६१ दिवसांत पिंजऱ्यातल्या माशाला उपास घालणार का? आणि दुसरी गोष्ट, कच्ची मासळी खाडीत कुजते, पाण्यावर तेलाचा तवंग येतो, रोगही येतो. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. आपल्याकडेही असं काही करायचं मनात असेल तर खाडीला घाण वास येऊन चालणार नाही.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. इथे बसलेल्या निम्म्या जणी मासळी विकतात, सुकवतात. पेडवे, मोतके, सुकट ही आपली पावसाची बेगमी आहे. गरीब घरात जून-जुलैत जेवणाला चव आणि अंगाला ताकद देणारी तीच मासळी. तीच आपण पिंजऱ्यात टाकली की भाव कोणाला वाढतो? आपल्यालाच. आणि गोळी खाद्य घेतलं म्हणून यातून सुटका झाली असंही नाही, कारण त्या गोळीतही फिशमील असतं. फिशमील म्हणजे मासळी शिजवून, दाबून, सुकवून केलेली कुटी. एक किलो फिशमीलला चार ते पाच किलो ताजी मासळी लागते. पश्चिम किनाऱ्यावर त्यात तारली फार जाते. तारलीचं काय झालं ते केरळात बघा: २०१२ साली तिथे ३ लाख ९० हजार टनांच्या वर तारली मिळाली होती, २०२१ साली मिळाली ३,२९७ टन. त्याला समुद्राचं तापणं, एल निनो अशी कारणं होती आणि पिल्लं पकडणंही होतं. मालवणच्या रापणकारांनी पर्ससीनच्या विरोधात किती वर्षं भांडण केलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०१६ साली राज्याने पर्ससीनवर बंधनं आणली, २०१७ साली केंद्राने एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. एका बाजूला आपण म्हणायचं लहान मासा वाचवा, आणि दुसऱ्या बाजूला आपल्याच पिंजऱ्यासाठी तोच लहान मासा टोपलीने विकत घ्यायचा. हे मला पटत नाही. तुम्हाला पटतं का ते सांगा.

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. जगातलं बरंचसं फिशमील दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या एका लहान माशापासून होतं. २०२३ साली तिथला पहिला हंगाम रद्दच झाला आणि जगभर फिशमीलचे भाव चढले. नॉर्वे देशात सामन मासा पिंजऱ्यात पाळतात. १९९० साली त्याच्या खाद्यात ९० टक्के भाग समुद्रातून आलेला होता. २०१३ पर्यंत तो ३० टक्क्यांच्या आसपास आला. बाकीचा भाग शेतातला, म्हणजे सोया, गहू, तेलबिया. शिकारी माशाला त्यांनी हळूहळू डाळ खायला लावली म्हणा ना.

हे सांगितल्यावर मागच्या वेळी एका काकीने विचारलं होतं, "अगो, मासो काय सोयाबीन खातलो?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणून त्याच्यावर थोडा वेळ थांबते.

सोयापेंड म्हणजे सोयाबीनचं तेल काढून उरलेला भाग. लातूरकडे, विदर्भात सोयाबीन चिक्कार पिकतं, आणि ही पेंड कोंबड्यांच्या खाद्यात आधीपासून जाते. तिच्यात प्रथिनं ४५ ते ४८ टक्के. फिशमीलमध्ये ६० ते ६५. म्हणजे फार मागे नाही. मग सरळ पेंडच का घालू नये? कारण ती माशाला पचत नाही.

वाल-पावट्याची उसळ जास्त खाल्ली की आपलं पोट का धरतं? कडधान्यात एक प्रकारची साखर असते, ती पचवायला लागणारा रस आपल्या पोटात नाही. ती तशीच पुढे जाते आणि वारा धरते. सोयाबीनमध्ये तीच साखर आहे आणि माशाच्या पोटातही तो रस नाही. शिवाय सोयाबीनमध्ये असे काही घटक असतात जे प्रथिनं पचवणारा रसच अडवून धरतात. भाजल्यावर, शिजवल्यावर ते बरेचसे मरतात, म्हणून पेंड भाजलेली असावी लागते. तिसरा घटक फायटेट. तो स्फुरद, जस्त असल्या क्षारांना मिठी मारून बसतो. झाडाच्या दाण्यातला जवळजवळ दोन तृतीयांश स्फुरद असा अडकलेला असतो. नुसत्या शिजवण्याने तो नीट सुटत नाही. माशाला मिळत नाही तो स्फुरद विष्ठेतून खाडीत जातो आणि तिथे शेवाळ माजवतो. सामनला साधी सोयापेंड जास्त घातली तेव्हा त्याच्या आतड्याला सूज आल्याचं दिसलं. शिकारी माशाचं आतडं आखूड असतं, गवत-पाला खाणाऱ्यासारखं लांब नसतं. त्याला हे झेपत नाही.

आता तुम्ही घरी काय करता? आंबोळीचे तांदूळ-उडीद भिजवता, वाटता, रात्रभर झाकून ठेवता. सकाळी पीठ वर आलेलं असतं, आंबूस वास येतो. रात्रभरात त्या पिठात बारीक जीव काम करतात. साखर खातात, आंबट रस सोडतात, दाण्यातलं घट्ट बांधलेलं सैल करतात. म्हणून म्हाताऱ्या माणसालाही आंबोळी पचते. सोयापेंडीचं तेच करायचं. पेंड ओलसर करायची, तिच्यात ताकातल्या जिवांच्या जातीचे जिवाणू, किंवा यीस्ट, किंवा विशिष्ट बुरशी मिसळायची, ठरावीक उबेत एक ते तीन दिवस बंद ठेवायची, मग सुकवायची. पोटात वारा धरणारी साखर हे जीव खाऊन टाकतात. प्रथिनांचे मोठे गुंते तोडून बारीक तुकडे करतात, ते लवकर अंगी लागतात. फायटेटची मिठी बरीच सैल होते. साखर संपल्यामुळे मागे उरलेल्या मालात प्रथिनांचं प्रमाणही थोडं वर जातं. याला आंबवलेलं सोया प्रथिन म्हणतात. चीन, कोरियात ते पशुखाद्यात आणि मत्स्यखाद्यात वापरतात.

आणि हे काही परदेशातलंच शहाणपण नाही. नागालँडमध्ये बायका सोयाबीन आंबवून अखुनी करतात, मणिपूरमध्ये हवाइजार, सिक्कीममध्ये किनेमा. माणसांनी खायला, बाजारात विकायला. आपल्याकडे सोयाबीन नव्हतं म्हणून आपण उडीद आंबवला, इतकाच फरक.

मग फिशमील पूर्ण काढून टाकायचं का? नाही. इथे जो कोणी तुम्हाला "शंभर टक्के वनस्पती, जिताडा दुप्पट" असं सांगेल त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. आंबवलं तरी सोयामध्ये काही गोष्टी नाहीतच. मेथिओनिन नावाचा प्रथिनाचा घटक कमी आहे. टॉरिन तर वनस्पतीत जवळजवळ नसतंच, आणि शिकारी माशाला ते लागतं. ओमेगा-३ मधला जो भाग माशाच्या तेलात असतो तो सोयाच्या तेलात नाही. जिताडा गिऱ्हाईक ज्यासाठी खातं त्यात हेही आलं. आणि चव! जिताड्याला माशाचा वास लागतो. वास नसेल तर गोळी तोंडात घेऊन थुंकतो, पाळणारे सगळे हे सांगतील. म्हणून फिशमीलचा काही भाग काढून त्या जागी आंबवलेलं सोया, सोबत थोडं मासळीचं तेल, वरून मेथिओनिन-टॉरिन, अशी गोळी बनते. किती भाग काढायचा ते माशाच्या वयावरही ठरतं. बोटुकलीला जास्त फिशमील, मोठ्या माशाला कमी चालतं.

इथेच मला आपल्या मासळी कापणाऱ्या बायकांची आठवण होते. बाजारात रोज डोकी, आतडी, काटे किती निघतात? कोचीच्या सीआयएफटी संस्थेने अशा मालात थोडं आम्ल घालून पातळ रस करण्याची रीत शिकवलेली आहे, त्याला सायलेज म्हणतात. त्यात माशाचा वास आहे, टॉरिन आहे. सोयाला जे नाही ते आपण उकिरड्यावर टाकतो. यावर काम करता येईल असं माझं मत आहे. पण ते गटाने, मत्स्य महाविद्यालयाच्या माणसांना बरोबर घेऊन. आम्ल हाताळायचं असतं, खेळ नाही.

आता तुमच्यातल्या हुशार बायका म्हणणार, आंबोळी आम्हाला येते, मग खाद्य आम्हीच आंबवतो. मन लावून ऐका. आंबोळीचं पीठ सकाळी तव्यावर जातं. खाद्य महिनाभर साठवायचं असतं. आपल्या हवेत, तेही जून ते सप्टेंबर, कुठलीही पेंड नीट सुकत नाही. अर्धवट ओली राहिली की हिरवी-काळी बुरशी धरते. काही बुरशींचं विष, अफ्लाटॉक्सिन, उकळूनही जात नाही. शेंगदाणा पेंडीत, खोबऱ्याच्या पेंडीत ते सहज होतं. त्याने माशाचं यकृत जातं आणि लगेच कळतही नाही. वाढ थांबते, आपण म्हणतो बीज खराब होतं. आणि नुसती आंबवलेली पेंड म्हणजे खाद्य नव्हे. ती गोळीत नीट बसवायला, गोळी तरंगत किंवा सावकाश बुडत ठेवायला यंत्र लागतं. जिताडा तळाला पडलेलं सहसा उचलत नाही. म्हणून कर्जाच्या पिंजऱ्यात घरचा प्रयोग नको. करून बघायची हौस असेल तर काळुंदर, बोय यांच्यावर बघा. ते शेवाळ, कोंडा खाणारे मासे आहेत, चूक झाली तर सोसतात.

विकत घेताना मात्र गप्प बसू नका. पोत्यावरची चिठ्ठी वाचा. प्रथिनं किती, स्निग्धांश किती, ओलावा किती, तयार केल्याची तारीख. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर आपल्या हवेत ते पोतं टिकणार नाही. मग विक्रेत्याला विचारा: यात फिशमील किती, सोया किती, सोया आंबवलेलं आहे की साधंच? जिताड्यासाठीचं आहे की कोळंबीचं उरलेलं खपवताय? 'आंबवलेलं' हा शब्द आता पोत्यावर छापायला सोपा झालाय. तो म्हणेल, ताई तुम्हाला काय कळतं त्यातलं. तेव्हा पुन्हा विचारा. गटाच्या नावाने दहा पोती घेणारं गिऱ्हाईक त्याला रोज मिळत नाही. उघडून मूठभर हातात घ्या. कुबट वास, गुठळी, भुकटी जास्त दिसली तर परत. आणि घरी आणल्यावर पोती जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवू नका. खाली फळ्या घाला, जशा भाताच्या कणगीखाली घालता.

बीज घेतानाही पहिला प्रश्न हाच, बोटुकली गोळी खायला शिकलेली आहे का? कच्च्या मासळीवर वाढलेला जिताडा एकदम गोळीवर येत नाही. मासळी खिम्यासारखी करून त्यात गोळीची पूड मिसळून, रोज थोडी मासळी कमी करत त्याला वळवावं लागतं. आठ-पंधरा दिवस तो रुसतो. नव्याने जेवायला शिकवलेली पोरं जशी ताटाकडे तोंड फिरवतात, तसंच. घाई केली की मोठा भाऊ लहान भावाला खातो.

आता कामाचं. ज्या तीन गटांचे प्रस्ताव आले आहेत ते मी परत दिलेत, नाकारलेले नाहीत. त्यात खाद्याचं एक पान जोडायचं आहे. बंदरावरच्या बारीक मासळीचा दर दर आठवड्याला लिहा, निदान दोन महिने. गोळीचे दोन विक्रेत्यांचे दर, पोत्यावरच्या चिठ्ठीसकट. बंदीच्या ६१ दिवसांत काय घालणार ते. आणि ज्यांचे पिंजरे आधीच पाण्यात आहेत त्यांनी रोज किती किलो टाकलं आणि पंधरवड्याला दहा मासे तोलून वजन किती भरलं, एवढ्या दोनच गोष्टी लिहायच्या. लिहिणारी एकच बाई ठरवा, रोज बदलू नका.

वही नसेल तर ग्रामसंघाच्या कपाटात कोऱ्या वह्या आहेत. जाताना घेऊन जा, आणि रजिस्टरवर सही करा.